घरचं वाचन का होत नव्हतं? एक मुलगी आणि तिचे बाबा

या प्रकरणात व्यक्ती दोन आहेत, पण फाइल उघडली तेव्हा तीवर नाव एकीचंच होतं. चौथीतली मुलगी, वय नऊ वर्षं चार महिने. दुसऱ्या व्यक्तीपर्यंत पोचायला मला अकरा आठवडे लागले. ते का लागले, हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं. मी विशेष शिक्षिका आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलीबद्दलची तक्रार होती लिखाणाच्या कंटाळ्याची. शाळेच्या चिठ्ठीत तीन गोष्टी होत्या : तोंडी उत्तरं उत्तम, वही कायम अर्धवट, शुद्धलेखनाकडे लक्ष नाही. वाचनाविषयी एक शब्दही नव्हता. आईला विचारलं तर तीही म्हणाली, "वाचनाचं काही नाही हो. धडे घडाघडा वाचते."

मी तिला तिचंच पुस्तक उघडायला सांगितलं. तिने खरंच घडाघडा वाचलं, आवाजात चढउतार आणून. फक्त ओळीवर फिरणारं बोट आणि तोंडातून येणारे शब्द यांचा मेळ नव्हता. आवाज दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, बोट अजून पहिलीच्या शेवटी. मग त्याच धड्यातले शब्द घेऊन, क्रम बदलून, एक वाक्य कोऱ्या कागदावर लिहून दिलं. ती थांबली. "पावसाळ्यात" या शब्दाशी आली तेव्हा "पा... व... सा..." असं सुटं सुटं म्हणत राहिली आणि शेवटी अंदाजाने "पाऊस" म्हणून पुढे गेली. सात शब्दांच्या त्या वाक्याला पाऊण मिनिट लागलं.

म्हणजे दोन-अडीच वर्षं ती धडे वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. वर्गात कुणी एकदा वाचलेलं ऐकलं की तिच्या लक्षात राहायचं. चित्र बघून पान ओळखायची. ही हुशारी अगदी खरी होती आणि तिनेच अडचण झाकून ठेवली होती. पहिली-दुसरीत मजकूर एवढा थोडा असतो की पाठांतरावर निभावतं. चौथीत धडे लांबतात, विज्ञान-भूगोलाचे परिच्छेद येतात, गणितंसुद्धा वाक्यांत येतात. तिथे हे सगळं कोसळतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की मूल अचानक आळशी झालं.

तपासणी

आधी डोळे आणि कान. दोन्ही ठीक. ही पायरी कुणी गाळू नये. कानाच्या वारंवारच्या संसर्गामुळे कमी ऐकू येणारं मूलही ध्वनींची गल्लत करतं. मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या बौद्धिक चाचणीत ती सरासरीच्या थोडी वरच होती. एकाग्रतेची स्वतंत्र अडचण आहे का, हेही पाहिलं, कारण ती पुष्कळदा सोबत असते. इथे नव्हती.

वाचनाच्या चाचणीत मला सर्वांत उपयोगी वाटतात ते निरर्थक शब्द : "टमेशू", "गळोपी" असले. ते कुणी कधी ऐकलेले नसतात, त्यामुळे स्मरणशक्ती मदतीला येत नाही. अक्षर पाहून ध्वनी काढायचा आणि ध्वनी जोडायचे, एवढंच काम उरतं. २० शब्दांपैकी तिचे ६ बरोबर आले.

मग ध्वनींचं काम, कागदाशिवाय. मी विचारलं, "कमळ" या शब्दातला "म" काढून टाकला तर काय उरेल? तिच्या वयाची बहुतेक मुलं लगेच सांगतात. ती म्हणाली, "कम." मग, "नाही, मळ." मग तिने डोळे मिटले, तीन बोटं उघडली, मधलं बोट मिटलं, आणि म्हणाली, "कळ." उत्तर बरोबर. आमच्या नोंदपत्रकात बरोबर आणि चूक एवढे दोनच रकाने आहेत. मी समासात लिहिलं : ११ सेकंद, बोटं वापरली. माझ्या मते तिच्या सगळ्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची नोंद तीच. मुलाचं उत्तर बरोबर आहे की नाही एवढंच पाहिलं, तर अशी मुलं हातातून निसटतात. त्या उत्तरापर्यंत ते कसं पोचलं, किती दमलं, हे पाहावं लागतं.

आणखी एक गोष्ट आढळली. तिला बाराखडी तोंडपाठ होती, एकही चूक नाही. पण "कु" लिही म्हटलं की ती क, का, कि, की असं पहिल्यापासून पुटपुटत यायची आणि तिथे पोचल्यावर लिहायची. बाराखडी तिच्यासाठी एक लांबलचक कविता होती. तिच्यातलं प्रत्येक चिन्ह सुटं ओळखीचं नव्हतं.

इथे मराठीपुरतं थोडं सविस्तर लिहिते, कारण शाळेला शंका न येण्याचं कारण यात आहे. वाचन-लेखनाच्या या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि डिस्लेक्सिया म्हणजे उलटी अक्षरं, असं इंग्रजीतून आलेल्या माहितीमुळे पुष्कळांच्या मनात पक्कं बसलं आहे. तिच्या वहीत एकही अक्षर उलटं नव्हतं. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीच्या मानाने फार सरळ आहे. इटालियन, फिनिश अशा सरळ नात्याच्या भाषांत संशोधकांना हेच दिसलं आहे की डिस्लेक्सिया असलेली मुलं चुका कमी करतात, पण वाचन अतिशय संथ राहतं. त्यामुळे प्रत्येक अक्षर बरोबर ओळखणाऱ्या मराठी मुलालाही ही अडचण असू शकते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते, मग अर्थ लागत नाही, आणि आपण म्हणतो की त्याला आकलन कमी आहे.

चुका जिथे होतात त्या जागाही आपल्या लिपीच्या आहेत. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र आधी काढायची. "सूर्य" म्हणताना र आधी आणि य नंतर, पण लिहिताना तो र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. "चक्र"मधला र पायाशी असतो. तिने "सूर्य"चं "सूय" केलं होतं, "वर्ग"चं "वग", "रंग"चं "रग", "खिडकी"चं "किडकी". घ आणि ध, भ आणि म यांत ती अडखळायची. एक खबरदारी मात्र हवी : ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर भलेभले करतात, तेवढ्यावरून कुणाला काही चिकटवू नये. ध्वनीच गळणं, जोडाक्षर मोडणं, वाचनाचा वेग आणि त्यामागचे कष्ट हे सगळं एकत्र पाहायचं.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत "विशिष्ट अध्ययन अक्षमता" म्हणायला काही अटी आहेत. अडचण नेमकी मदत देऊनही किमान ६ महिने टिकलेली हवी, कौशल्य वयाच्या मानाने बरंच खाली हवं, सुरुवात शालेय वयातली हवी, आणि बौद्धिक अक्षमता, दृष्टी, श्रवण किंवा धड शिकवलंच न जाणं अशा दुसऱ्या कारणाने तिचा उलगडा होत नसावा. तिसरीचं वर्षभर शाळेने तिचा भाषेचा जादा तास घेतला होता. सगळ्या अटी भागत होत्या. मानसशास्त्रज्ञांनी लिहून दिलं : वाचन आणि लेखन यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता. रूढ शब्द डिस्लेक्सिया.

याच पुस्तिकेनुसार शाळकरी वयाच्या ५ ते १५ टक्के मुलांना वाचन, लेखन किंवा गणितातली अशी अक्षमता असते. आईला हा आकडा सांगितला तेव्हा तिने वर्गातली मुलं मनात मोजली असावीत. म्हणाली, "म्हणजे हिच्याच वर्गात अजून असतील की."

कुटुंबाने आमच्याकडे येण्याआधी रंगीत काचांचा चष्मा करून घेतला होता. त्यांना मी दोष देत नाही. या अडचणीचा शोध वैद्यकात आला तोच "शब्दांधत्व" या नावाने. १८८७ मध्ये "डिस्लेक्सिया" हा शब्द वापरणारे रुडॉल्फ बर्लिन नेत्रवैद्य होते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. गणितं नीट सोडवणारा तो मुलगा स्वतःच्या नावातली अक्षरं मागेपुढे करायचा. त्याच्या शिक्षकांचं मत होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आमच्या मुलीची चिठ्ठी वाचताना मला तोच मुलगा आठवत होता. पण अडचण डोळ्यांत नसते. शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि त्यांची अक्षरांशी पटकन गाठ घालणं, इथे असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितलं आहे की रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सियावर उपचार होतो, याला पुरावा नाही. चष्मा बाजूला ठेवला.

माझी चूक

मी आखलेला कार्यक्रम असा होता : आठवड्यातून चार दिवस माझ्याकडे ४० मिनिटं, आणि घरी रोज १५ मिनिटं जोडीने वाचन. मोठ्या माणसाने आधी वाचायचं, मग दोघांनी एका सुरात, मग तिने एकटीने. तोच उतारा चार-पाच दिवस. आईची संध्याकाळची पाळी असल्याने हे काम बाबांकडे आलं. एक वही दिली, तिच्यात तारीख, पान आणि सही.

सह्या रोज यायच्या. पण पाच वेळा वाचलेल्या म्हणून नोंदलेल्या उताऱ्यावर मुलगी माझ्याकडे अशी अडखळायची, जणू तो आजच पाहते आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा म्हणतात, तू वाच, मी ऐकतो."

मी बाबांना बोलावून घेतलं. घरच्या सरावाशिवाय माझ्या तासांना अर्थ नाही, हे जरा कडक शब्दांत सांगितलं आणि सूचनांचा छापील कागद हातात दिला. त्यांनी मान डोलावली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या आठवड्यात काहीच बदललं नाही. फाइलमध्ये मी लिहिलं : "वडिलांचं सहकार्य कमी." ते वाक्य मी खोडलेलं नाही. शाळेने मुलीबद्दल जे लिहिलं होतं, तेच मी तिच्या बाबांबद्दल लिहिलं होतं.

अकराव्या आठवड्यात एका संमतीपत्रावर सही हवी होती. बाबांनी खिसा चाचपला. "चष्मा घरी राहिला, ताई. तुम्ही वाचून सांगा, मी सही करतो." मी वाचून दाखवलं. सही झाली. आणि ते उठत असताना मला आठवलं की सूचनांचा कागद घेतानाही ते हेच म्हणाले होते, आणि या माणसाला चष्म्यात मी एकदाही पाहिलेलं नाही.

मुलीला बाहेर खेळायला पाठवलं आणि विचारलं, "शाळेत असताना तुमचं वाचन कसं होतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी तुम्ही हिला कमळ विचारलंत, तेव्हा मी दारापाशी बसलो होतो. मीही मनात करत होतो. तिला आलं. मला आलं नाही."

वय अडतीस. दहावी दुसऱ्या प्रयत्नात. यंत्रांच्या देखभालीचं काम. नुसत्या आवाजावरून कुठला भाग झिजलाय ते सांगतात. पर्यवेक्षकाची बढती दोनदा नाकारली होती, कारण पर्यवेक्षकाला रोज अहवाल लिहावा लागतो. घरी त्यांनी कारण सांगितलं होतं की जबाबदारी नको. बायकोला एवढंच माहीत होतं की कागदपत्रं म्हटलं की हे टाळाटाळ करतात.

हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. त्याच निदानपुस्तिकेत नोंद आहे की आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला वाचनाची अक्षमता असेल, तर ती असण्याची शक्यता ४ ते ८ पट वाढते. आमच्या पहिल्या मुलाखतीत "घरात आणखी कुणाला अशी अडचण?" हा प्रश्न होता. मी तो दोघांसमोर, घाईत विचारला होता आणि "नाही" हे उत्तर लिहून घेतलं होतं. आता मी हा प्रश्न प्रत्येकाला एकेकट्याने विचारते आणि शब्द बदलते : शाळेत मोठ्याने वाचायची पाळी आली की कसं वाटायचं? आजही कुठलं लिखाण दुसऱ्याकडून करून घेता? उत्तरं वेगळीच येतात.

मोठ्या माणसांत ही अडचण ओळखणं अवघड जातं, कारण त्यांनी वीस-पंचवीस वर्षं ती झाकण्यात घालवलेली असतात. अक्षरं ओळखता येतातच, म्हणून ते निरक्षर नसतात. पण वाचन संथ असतं, एक पान वाचून डोकं दुखतं, अनोळखी नाव आलं की गाडी अडते. फॉर्म घरी नेऊन भरतो म्हणणारे, संदेश टाइप न करता नेहमी फोनच करणारे, सगळं लक्षात ठेवणारे आणि वहीत काहीच न टिपणारे, वरच्या पदासाठी कधीच अर्ज न करणारे. यातली एखादी सवय कुणालाही असते. चार-पाच एकत्र दिसल्या आणि शाळेपासून दिसल्या, तर विचारावं. एकांतात विचारावं. प्रौढांच्या तपासणीत पूर्वेतिहासाला फार वजन असतं : शाळा किती मिळाली, कशी मिळाली, तेव्हा नेमकं काय व्हायचं. शिकायला मिळालंच नाही म्हणून वाचता न येणं ही वेगळी गोष्ट. बाबांना दहा वर्षं शाळा मिळाली होती, आणि त्या दहा वर्षांतला मारही.

मानसशास्त्रज्ञांनी त्यांचीही तपासणी केली. निष्कर्ष ऐकून त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे मी ढ नव्हतो?"

बदललेली आखणी

घरचं जोडीवाचन मी बंद केलं. त्याऐवजी आई सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा उतारा फोनवर रेकॉर्ड करून ठेवू लागली. रोज संध्याकाळी बाप-लेक दोघं तो ऐकत, ओळीवर बोट फिरवत, मग आवाजासोबत वाचत. काही दिवसांनी बाबांनी स्वतःच मुलीला सांगितलं की मलाही हे जड जातं. तिने विचारलं, "मग तुम्हालाही सगळ्यांसमोर उभं करायचे?" ते हो म्हणाले. हा प्रसंग मला आईने सांगितला. त्यानंतर मुलगी तासाला आल्यावर पोट दुखतंय म्हणायची थांबली.

तासाची पद्धत अशी होती. आधी कान : शब्दातले ध्वनी मोजणं, काढणं, बदलणं. मग सुट्या अक्षरपाट्या आणि मात्रांचे तुकडे. बाराखडी म्हणायची नाही. मी ध्वनी म्हणायचा, तिने तुकडा उचलून लावायचा. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती पक्की होईपर्यंत फक्त तिचेच शब्द. रफाराला साडेतीन आठवडे लागले. ती "वर्ग" सावकाश म्हणायची, र ऐकू आला की टेबलावर टिचकी मारायची, मग तो तुकडा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायची. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला मी सांगत नाही. सहाव्या ओळीपासून मूल चूकच गिरवायला लागतं, हे कितीतरी वह्यांत पाहिलं आहे.

शाळेशी बोलणं सोपं गेलं नाही. मागण्या साध्या होत्या : परीक्षेत जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, विज्ञानासारख्या विषयांत शुद्धलेखनाचे गुण न कापणं, आणि न सांगता अचानक मोठ्याने वाचायला उभं न करणं. वर्गशिक्षिकेने विचारलं, "मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" प्रश्न प्रामाणिक होता. मी तिची विज्ञानाची उत्तरपत्रिका समोर ठेवली. पाण्याच्या अवस्थांचं उत्तर चार मोडक्या शब्दांत होतं, गुण शून्य. तोच प्रश्न मुलीला तोंडी विचारला. तिने बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि ओलसर कपड्यांचं उदाहरण, सगळं सांगितलं. बाईंनी तिथेच ठरवलं की विज्ञानाच्या पेपरात विज्ञानच तपासायचं. अचानक वाचन थांबलं. तिचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवायला लागल्या.

बाबांना वाचन शिकण्याचे तास मी सुचवले. त्यांनी नाही म्हटलं. "मला पुस्तक नाही वाचायचं, ताई. मला तो अहवाल लिहायचा आहे." मला हे महत्त्वाचं वाटतं : मोठ्या माणसाला काय हवंय, हे त्यानेच ठरवायचं. आम्ही अहवालच घेतला. जुने वीस अहवाल पाहिले तर त्यांत तेच तेच शब्द येत होते. गळती, घर्षण, दाब, बदललेला भाग, अशा शब्दांचं खिशात मावेल एवढं कार्ड केलं. अहवालाचा ठरावीक साचा केला. फोनवर बोलून मजकूर उतरवायचा आणि फोनकडूनच तो वाचून घेऊन तपासायचा, हे शिकायला दोन आठवडे पुरले. वरिष्ठांना सांगायचं की नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोडला; सांगायचं झालंच तर कुठल्या शब्दांत, एवढं दोन वाक्यांत बसवून ठेवलं. त्यांनी तीन महिने घेतले आणि मग सांगितलं. बोलून लिहिलेला अहवाल चालेल, असं उत्तर मिळालं.

नऊ महिन्यांनंतर

मुलगी न पाहिलेला उतारा मिनिटाला २४ शब्दांऐवजी ५१ शब्दांनी वाचते. निरर्थक शब्दांत २० पैकी १५. वर्गाच्या मानाने ती अजून मागे आहे, आणि वेगात कदाचित थोडी मागेच राहील, हे मी आई-बाबांना स्पष्ट सांगितलं आहे. शुद्धलेखनात सुधारणा सर्वांत कमी. गणितातली वाक्यांत घातलेली उदाहरणं तिला कुणीतरी वाचून दाखवावी लागतात. वाचून दिली की सोडवते. पुढच्या वर्षी शाळा बदलते आहे, तेव्हा सवलतींचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. त्यासाठीचा अहवाल लिहून तयार आहे आणि त्यात समासातली ११ सेकंदांची नोंद मी मजकुरात घेतली आहे.

बाबांनी बढतीसाठी अर्ज केला आहे. उत्तर यायचं आहे.

घरात पाच वर्षांचा धाकटा मुलगाही आहे. शेवटच्या भेटीत बाबांनी आपणहून विचारलं, याचं कधी पाहायचं? निदानाचं वय त्याचं नाही. पण यमक जुळवण्यात तो अडतो, टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे करताना चुकतो, असं त्यांनीच लक्ष ठेवून टिपलं होतं, फोनवर बोलून. रोज दहा मिनिटं ध्वनींचे खेळ सुरू करायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं, असं ठरलं. खेळ बाबा घेणार आहेत.